घमेल्यातलं पऱ्यांचं गाव

राजूरहून फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. माझे सासरे, आमचे आबा, चतुर्थीला गणपतीच्या दर्शनासाठी गावी गेले होते. दर्शन झालं, पुतण्याकडे पोटभर जेवण झालं, जरा आडवे झाले आणि मग उठलेच नाहीत... माझी मुलगी मुक्ता औरंगाबादला वसतिगृहात राहून शिकते. तिला फोनवर कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, "आई, आज बागेला पाणी कोण घालणार?"

ती बाग म्हणजे आमच्या गच्चीवरचं एक गळकं घमेलं. त्यात पऱ्या राहतात. आता सव्वा महिना झालाय, तेव्हा ही गोष्ट मला नीट सांगता येईल असं वाटतं.

सासूबाई गेल्यावर, ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, शेत पुतण्याच्या हवाली करून आबा आमच्याकडे नवीन जालन्यात राहायला आले. माझे पती बियाण्यांच्या कंपनीत, दिवसभर बाहेर. घरात मी, सहा वर्षांची मुक्ता आणि आबा. दोन खोल्यांची जागा त्यांना मानवेना. माझ्याशी तर ते बोलतच नसत. राग वगैरे काही नव्हता, सुनेशी थेट बोलायचं नाही ही त्यांची जुनी रीत. मी समोर उभी असायची आणि ते म्हणायचे, "मुक्ते, तुह्या मायला म्हण, चहा होऊन राह्यला का?" मग मीही मुक्तालाच सांगायची, "म्हण, उकळतोय." ती बिचारी दोघांच्या मध्ये मान वळवत राहायची.

मुक्ताच्या शाळेच्या पुस्तकात परीचं चित्र होतं. लाल टोपीसारखं घर, फुलं, पंख लावलेली गोरीपान मुलगी. एक दिवस तिने ते आबांपुढे धरलं. "आबा, पऱ्या कुठं राहतात?"

"पऱ्या म्हंजे? आसरा का?" आमच्याकडे विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड असतात. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणींचे ते, त्यांनाच आसरा म्हणतात. "त्या हिरीवर राहत्यात. पर इथं हीरच न्हाई, मंग येतील कशा?"

"मग आपण करू ना!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आबा राजूरला गेले आणि संध्याकाळी पिशवीभर काळी माती घेऊन आले. जिन्याखाली बांधकामाचं एक गळकं घमेलं पडलं होतं, ते वर नेलं. "गळकंच बराबर. पाणी साचलं की मुळं सडत्यात," असं म्हणत आजोबा-नात कामाला लागले. माझ्या क्रीमच्या डबीची विहीर झाली. दोऱ्याच्या रिळाचा रहाट झाला. पाण्याच्या टाकीखालचं शेवाळ गवत म्हणून आलं, ओव्याची फांदी वडाचं झाड झाली. मुक्ताने विहिरीच्या काठावर सात खडे मांडले, पुठ्ठ्याचं परीचं घर केलं. आणि मग आबांनी परीच्या घराशेजारी तुरीच्या काड्यांचा गोठा उभारला. आत मातीची गाय, बाहेर नखाएवढ्या गोवऱ्या! ते बघून गच्चीच्या दाराआड मी पदर तोंडात कोंबून हसले होते.

पुढच्या वर्षी शाळेत मुलांनी केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. मुक्ताने हौसेने घमेलं नेलं आणि रडत परत आली. बाईंनी सांगितलं होतं, परीच्या बागेत शेण नसतं, गोठा काढून टाक. आबांनी टोपी घातली, मुक्ताचं बोट धरलं आणि सरळ शाळेत गेले. बरोबर मीही गेले, भांडण होतं की काय या धास्तीने.

आबांनी बाईंना आधी नमस्कार केला. "बाई, तुमच्या परीला गाय न्हाई?"

"नाही हो आजोबा, परीला कशाला गाय?"

"मंग ती पिती काय? नुस्तं उडून पोट भरतं का?"

बाई गोंधळल्या, मग खळखळून हसल्या. गोठा राहिला. बक्षीस मात्र दुसऱ्याच कुणाला मिळालं, पण सगळ्यात जास्त गर्दी आमच्या गोठ्यापुढे होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर गल्लीतली पोरं फुटक्या बादल्या, डबे घेऊन आबांकडे येऊ लागली. एकाला परीची पिठाची गिरणी हवी होती, एकीला बसस्टँड. आबा कुणाला नाही म्हणाले नाहीत. शहर त्यांना तेव्हापासून जरा बरं वाटू लागलं असावं.

मुक्ता मोठी झाली, वसतिगृहात गेली. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. आबा घमेल्यापाशी एकटेच बसले होते. ते खाकरले.

"सूनबाई."

आमच्याकडे राहायला आल्यापासून बारा वर्षांत पहिल्यांदा! मी वळून मागे बघितलं, दुसरं कुणी आलंय की काय.

"बस जरा. मुक्ती न्हाई, मंग सांगू कोणाला? माह्यानं काड्या बसंनात. बारीक बोटं पाह्यजे."

मी बसले. परीच्या नव्या घरावर आगपेटीच्या काड्यांचं छप्पर रचताना किती वेळ गेला कळलं नाही. लहानपणी मी असं काही खेळल्याचं मला आठवत नाही. धाकटी भावंडं सांभाळण्यातच लहानपण संपलं... मध्येच खालून करपल्याचा वास आला. गॅसवर दूध होतं! मी धडपडत उठायला लागले.

"गॅस बंद कर अन् ये माघारी," आबा म्हणाले. "उतू गेलं ते गेलं."

मी खरंच परत आले. घर पुरं झालं. आबांनी चिमूटभर माती ओली करून माझ्या घराच्या दारापुढे थापली, अंगठ्याने सपाट केली.

"हे काय, आबा?"

"वटा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ही परी दिवसभर उभी असती. टेकाया जागा पाह्यजे तिला."

मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

हल्ली मी रोज संध्याकाळी गॅस बंद करून गच्चीवर जाते आणि घमेल्याशेजारी खाली बसते. पाच मिनिटं म्हणून बसते, पंधरा होतात. खालून कुणी हाक मारली तरी लगेच ओ देत नाही.