पाचवी सही

मुकुंदराव नवलगुंदकरांना गिरणीचे मॅनेजर होऊन अकरा वर्षं झाली, तरी हुबळी-धारवाडात ते मास्तरच राहिले. तीस सालच्या चळवळीत त्यांनी शाळेतली नोकरी सोडली आणि नव्या स्वदेशी कापडगिरणीचे दहा-दहा रुपयांचे शेअर विकत दारोदार फिरले. "ही गिरणी सरकारी ठेका घेणार नाही. माझा शब्द," असं ते प्रत्येक ओट्यावर सांगत. छापील माहितीपत्रक कोण वाचतो? लोकांनी मास्तरांकडे बघून पैसे दिले.

१९४१च्या मार्चमध्ये हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या नाटकगृहात भागधारकांची तातडीची सभा भरली. रंगमंचावर चार संचालक, त्यांतलेच अध्यक्ष विठ्ठलराव मधोमध, टोकाच्या खुर्चीवर मास्तर. समोर एकेका शेअरचे दोनशे धनी. विषय एकच : लष्कराच्या तंबूंचं कापड विणायचा ठेका घ्यायचा की नाही. युद्धाचं काम करणाऱ्या गिरण्यांनाच कोळसा आधी मिळत होता, आणि आवारात सहा दिवसांचा कोळसा उरला होता.

आत शिरतानाच मागावरचा मुकादम सटवाजी आडवा आला होता.

"मास्तर, सोमवारी कामावर यायचं का नाही, एवढंच सांगा. तीनशे माणसं खोळंबलीत."

"संध्याकाळी सांगतो."

"संध्याकाळी नाही म्हणालात, तर आम्ही कुठं जायचं?"

मास्तर पायऱ्या चढले होते.

सभेत पहिल्या उठल्या त्या धारवाडच्या मथुराक्का. सांडगे-पापड विकून त्यांनी एकुलता मुलगा वाढवला होता. "एन्री मास्तर, काय हो हे! माझा गोविंद युद्धाविरुद्ध बोलला म्हणून हिंडलग्याच्या तुरुंगात बसलाय. आणि त्याच्या आईच्या गिरणीत सोजिरांचे तंबू विणायचे? भेटायला गेले की काय सांगू त्याला? काळजी करू नको बाळा, आपल्या तंबूंत गोऱ्यांना ऊन लागत नाही?"

हशा आणि टाळ्या एकदमच उठल्या. विठ्ठलरावांनी घाईनं मत घेतलं, हात वर करून, माणशी एक. ठेक्याच्या बाजूनं रंगमंचावरचेच चार हात. मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर. विरोधातले मोजायची गरजच पडली नाही.

विठ्ठलराव त्यांच्याकडे झुकले. "मुंबईच्या बड्या भागधारकांची मुखत्यारपत्रं माझ्या खिशात आहेत. शेअरांच्या संख्येवर मत झालं, तर ठेका मंजूर. पण तशी मागणी हजर असलेल्या पाच भागधारकांनी लिहून द्यावी लागते. आम्ही चौघं आहोत. शेअर तुमच्याही नावावर आहे."

"या लोकांना मी शब्द दिलाय."

"तो शब्द बॉयलरमध्ये घाला. पेटतो का बघा!"

"विठ्ठलराव..."

"देशभक्तीच्या नावानं तुम्ही भांडवल आणलंत, छान केलंत. आता तेच भांडवल गिरणी बंद पाडतंय. सही नसेल तर सोमवारी कुलूप मी लावतो. सटवाजीला तुम्ही सांगा."

कागद टेबलावरून सरकत आला. खाली खुर्च्या वाजू लागल्या. लोक जिंकून घरी निघाले होते. मास्तरांनी टाक बुडवला, सही केली, शाई टिपली. कागद विठ्ठलरावांना न देता ते स्वतःच रंगमंचाच्या कडेला आले.

"बसा. सभा संपली नाही. शेअरांच्या संख्येवर मत घ्यायची मागणी आली आहे." "पाचवी सही माझी आहे."

मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर विकला गेला!"

"चला रे, उठा! एका शेअरला कोण विचारतो!"

"कुणी हलायचं नाही!" मथुराक्का बाकावर चढल्या. "आपण गेलो की हे लिहितील, विरोध करायला कुणी नव्हतंच. बसा!"

लोक धुसफुसत बसले. विठ्ठलराव कुजबुजले, "आकडे ठाऊकच आहेत. निकाल सांगून मोकळे व्हा."

"नाही. यादीतलं प्रत्येक नाव मी पुकारणार. ज्यानं त्यानं माझ्यासमोर येऊन सांगायचं."

"तीन तास जातील, मास्तर!"

"जाऊ देत."

माणसं एकेक करून पुढे येत होती. कुणी नजर टाळून सांगे, कुणी मुद्दाम डोळ्यांत बघून. मास्तर लिहीत होते.

"मथुराबाई अण्णिगेरी. शेअर?"

"एक. विसरलात? तुम्हीच गळ्यात मारलात."

"बाजूनं की विरोधात?"

"विरोधात. आणि हेही लिहा, हा ठेका संपेल त्या दिवशी मी गिरणीच्या फाटकात येणार. नंतर एक तंबू जरी विणलेला दिसला, तर तुमची खैर नाही."

"त्याला रकाना नाही, अक्का."

"मग समासात लिहा."

मुकुंदरावांनी समासात लिहिलं, तारीख घातली आणि पुढचं नाव पुकारलं.