बंद साउंड कार्ड आणि आईंचं बारावं गाणं

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आणि माझाच काय, आमच्या अख्ख्या घराचा नव्हता. आम्ही बौद्ध. माझे सासरे पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर होते. लिंबू-मिरची, अंगात येणं, नजर उतरवणं हे सगळं त्यांनी उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं होतं. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली. या सदरातले अनुभव वाचायचे आणि खाली कॉमेंट टाकायचे — "आधी वायरिंग तपासा." त्यामुळे आज लिहिताना जरा लाजच वाटते आहे. पण जे झालं ते झालं.

ठिकाण भिलाई, कॅम्प-१. बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं तीन खोल्यांचं घर. मी, माझा नवरा मिलिंद — तो चरोद्याला रेल्वेच्या यार्डात नोकरीला — आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. मागच्या खोलीत माझं घरगुती रेकॉर्डिंग चालतं. शाळेच्या कविता, लग्नाची गाणी, जयंतीच्या घोषणा. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, खिडकीला गोधडी. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, त्यामुळे मार्चपासून आत भट्टी.

कॉम्प्युटर बारा वर्षांचा, त्याची ऑपरेटिंग सिस्टीमही तेव्हाचीच. साउंड कार्ड — म्हणजे तो छोटा डबा, ज्यात माइक आणि हेडफोन लागतात — ते त्याच्याहून जुनं. आणि खरी गोम तिथेच होती. ते कार्ड फक्त जुन्या सिस्टीमवर चालायचं. नव्या सिस्टीमसाठी त्याचा ड्रायव्हर कोणी बनवलाच नाही.

मग अपग्रेड करायचं की नाही? दोन वर्षं आमच्या घरात या प्रश्नावर अशी चर्चा चालली की जणू मुलीचं स्थळ पाहून राहिलोत. माझा धाकटा भाऊ शैलेश नागपूरला कॉम्प्युटरच्याच लायनीत आहे. त्याने फोन केला की तेच — "ताई, किती दिवस ओढशील? उद्या मशीन बसली तर सगळं जाईल." मिलिंदचं उलटं. "चालती गाडी कावून थांबवता? सिग्नल हिरवा आहे तोवर चालू द्या." आणि मी मध्ये. इकडे ब्राउझर उघडेना, लोक पाठवायचे त्या फायली उघडेनात, रोज स्क्रीनवर तीच पिवळी सूचना...

पण मी अडून बसले होते ते आईंच्या गाण्यांसाठी.

आईंना त्यांच्या आईकडून आलेली बारा गाणी येतात. भंडाऱ्याकडची. कुठल्याही वहीत नाहीत, दुसऱ्या कोणाला पूर्ण येत नाहीत. त्यातली अकरा मी वर्षभरात रेकॉर्ड केली होती. राहिलं होतं बारावं, सगळ्यात लांब — दीक्षेसाठी नागपूरला पायी निघालेल्या बायांचं. "वाट लांब नव्हती बाई, पाय आमचे लहान" अशी त्याची सुरुवात. शेवटच्या कडव्यात आवाज इतका वर जातो की भल्याभल्यांची दमछाक व्हावी. आईंच्या भावाने, म्हणजे मामांनी, त्याची पेटी आधीच वाजवून रेकॉर्ड करून ठेवली होती. फक्त आईंनी गायचं बाकी होतं, पण जानेवारीपासून त्यांचा आवाज फाटायला लागला. तपासलं तर गळ्यात थायरॉईडची गाठ. ऑपरेशन करावं लागणार. डॉक्टर म्हणाले, आवाज बदलू शकतो... वरचा सूर कदाचित परत येणार नाही.

आई म्हणाल्या, "गेला तं गेला. पण आधी ते गाणं घे."

ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली होती. मी हिशेब केला — जुनी मशीन गाण्याच्या मध्येच बसली तर? त्यापेक्षा आताच अपग्रेड करायचं, नवं साउंड कार्ड मागवायचं, ते आठवड्यात येईल, मग शांतपणे चांगल्या दर्जाचं रेकॉर्डिंग. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या आणि बटण दाबलं. तीन तास चाललं. नवी सिस्टीम आली... आणि जुनं कार्ड गेलं. डब्यावरचा दिवासुद्धा लागेना. अपेक्षितच होतं. मी नवं कार्ड मागवलं, सहा दिवसांनी येणार होतं.

सोमवारी सकाळी रायपूरच्या हॉस्पिटलमधून फोन. एक तारीख रिकामी झाली, बुधवारी सकाळी भरती व्हा.

शैलेशला फोन लावला. तो म्हणाला, जुन्या सिस्टीमवर परत जायची सोय असते, ते कर. केलं. अर्ध्यात जाऊन मशीन म्हणाली, परत जाता येणार नाही. दुर्गच्या दोन दुकानांत विचारलं, कार्ड नाही. ओळखीचा एक जण होता ज्याच्याकडे होतं, तो लग्नाला बिलासपूरला. मंगळवारी पहाटे मिलिंद रात्रपाळीहून आला तेव्हा मी स्वयंपाकघरात नुसती बसून होते. "मी म्हटलं होतं" हे त्याने म्हटलं नाही, याचे उपकार मी अजून मानते.

आईंना आम्ही सांगितलंच नाही.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, केस विंचरून मागच्या खोलीत आल्या. "चाल, लाव मशीन."

माझ्या मनात योजना होती — माइक समोर ठेवायचा दिखाव्यापुरता, आणि त्याच्या मागे माझा फोन रेकॉर्डिंगवर. फोनचं रेकॉर्डिंग ते फोनचंच, पण निदान गाणं तरी राहील. पेटी ऐकू येणार नाही, त्याचं काहीतरी कारण सांगणार होते. कॉम्प्युटर चालू केला, गाण्याची फाईल उघडली, तीही फक्त त्यांना पडद्यावर काहीतरी दिसावं म्हणून. वरच्या कोपऱ्यात स्पष्ट लिहिलेलं — ऑडिओ डिव्हाइस सापडलं नाही. डबा टेबलावर, दिवा बंद. मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं, पंखा बंद केला.

"आई, आज जरा..." मी सुरुवात केली.

आईंनी तोवर हेडफोन कानाला लावले होते. डोळे मिटलेले. त्यांनी एक बोट वर केलं.

"थांब. पेटी सुरू झाली."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा भास. हेडफोनची वायर मी डोळ्यांनी बघितली — त्या बंद डब्यातच खोचलेली. आईंची मान हलत होती, मामांच्या पेटीची सुरुवात जशी आहे तशाच लयीत. मग त्यांनी सूर लावला, आणि माझं लक्ष पडद्यावर गेलं.

रेषा पुढे सरकत होती. मी काही दाबलं नव्हतं. माझे दोन्ही हात मांडीवर होते. आणि बाराव्या गाण्याच्या रिकाम्या पट्टीवर आवाजाची लहर उमटत चालली होती... आई श्वास घेत तिथे सपाट, आई गात तिथे डोंगर. वर तेच वाक्य तसंच — डिव्हाइस सापडलं नाही.

उठून पळावंसं वाटलं, पण खुर्ची कुरकुरली असती तर रेकॉर्डिंगमध्ये आली असती! हसा तुम्ही, पण मी त्या भीतीने हलले नाही.

सात मिनिटं. शेवटचं कडवं आलं. दोन महिने ज्या आवाजाला खालचा सूरही धड लागत नव्हता, तो वर चढला... आणि चढतच गेला, तडा नाही, कंप नाही. दाराबाहेर मिलिंद उभा होता. त्याने नंतर सांगितलं, "माझ्या लहानपणी गायची ना आई, तसं."

आईंनी हेडफोन काढले. कपाळावरचा घाम पदराने पुसला. "झालं?"

"झालं, आई."

"अजून एकडाव घेऊन पाहू. दुसऱ्या कडव्यात माझा श्वास तुटला."

त्यांनी पुन्हा हेडफोन लावले. थांबल्या. "आता कावून ऐकू येत नाही?"

मग मी सगळं सांगितलं. रविवारचं अपग्रेड, बंद कार्ड, लपवलेला फोन. रडत रडतच सांगितलं. आई डब्याकडे बघत राहिल्या.

"मंग मघाशी पेटी कोणं ऐकवली मले?"

"माहीत नाही, आई."

"गाणं आलं का आतमध्ये?"

मी सेटिंग बदलून कॉम्प्युटरच्या स्वतःच्या बारक्या स्पीकरवर लावून पाहिलं. आलं होतं. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, माइकच्या पूर्ण स्वच्छ आवाजात. मिलिंद आत आला आणि त्याने एकदम टाळ्याच वाजवल्या, सिनेमाला वाजवतात तशा. आई हसल्या. "आलं नं? मंग रडून कावून राहिली? चाय मांड."

त्या दिवशी आमच्या घरात जी मजा होती ती लग्नातही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला निघालेली बाई गाडीत बसून शेजारणींना हात करत होती!

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आवाज मात्र डॉक्टर म्हणाले तसा खाली आला, जाड झाला. वरचा सूर गेला तो गेलाच.

आता माझ्यातल्या डिप्लोमावालीने काय केलं ते सांगते, कारण तुम्ही विचारणारच. फोनचं रेकॉर्डिंग तपासलं. त्यात फक्त आईंचा आवाज आहे, पेटी नाही — म्हणजे पेटी हेडफोनमध्येच वाजत होती. दोन्ही एकमेकांवर ठेवून वाजवलं, मात्रेला मात्रा जुळते. शैलेशने नागपूरहून इंटरनेटवरून माझी मशीन उघडून सगळ्या नोंदी पाहिल्या. त्या मंगळवारी कुठलंही साउंड कार्ड जोडलं गेल्याची नोंद नाही.

"ताई, हे होऊच शकत नाही."

"पण झालं ना."

"फाईल आहे म्हणजे झालं. पण होऊ शकत नाही."

तो पुढच्या आठवड्यात स्वतः आला. कार्ड काढलं, लावलं, केबल बदलली, मशीन बंद-चालू केली. दोन दिवस तो त्याच्या मागे होता. दिवा एकदाही लागला नाही. सुटं कनेक्शन, उरलेला जुना ड्रायव्हर, विजेचा चढउतार, एकेक शंका त्याने तपासली आणि सोडून दिली. हे गेलेल्या सासऱ्यांचंच काम, असं गल्लीतल्या एक-दोघींनी म्हटलंच. पण आई तिथल्या तिथे म्हणाल्या, "जे पाह्यलं तेवढंच सांगा. जे नाही पाह्यलं ते जोडू नका." म्हणून मीही काही जोडत नाही.

एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत गाडीवरच्या मोठ्या स्पीकरवर ते गाणं लागलं. आमच्या बाजाराच्या चौकात गाडी थांबवून लोकांनी ते तीनदा वाजवायला लावलं. पलीकडच्या वस्तीतल्या बाया विचारत होत्या, ये कौन गा रही है, इतना ऊपर? आई खुर्चीवर बसलेल्या, गळ्याला रुमाल, मोठ्याने बोलायची डॉक्टरांनी मनाई केलेली. त्यांनी शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. मग त्या बायांनी खुर्चीसकट त्यांना गाडीपर्यंत नेलं. मिलिंद मागून ओरडत होता, "अरे हळू, टाके आहेत!" आणि कोणी ऐकत नव्हतं.

नवं कार्ड आलं, ते छान चालतं. जुनं शैलेश सोबत घेऊन गेला आणि अजूनही कधीकधी फोन करून विचारतो, "ताई, नक्की तू काहीच दाबलं नव्हतं?" मी दरवेळी तेच उत्तर देते. त्याच्याकडे कारण नाही, माझ्याकडेही नाही. सात मिनिटांची फाईल मात्र आहे. ती मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवली आहे.