छपरीतला वर्षावास

आयुष्यभर पंचशील पाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे असं का यावं, या प्रश्नानं मागच्या आषाढात माझं डोकं खाल्लं होतं. आमच्या यांनी दारूला कधी हात लावला नाही, शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून कुणाशी भांडण केलं नाही. वर्षावासाचे तीन महिने आंजीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचे ते हेच. आणि लकव्यानं नेमकी त्यांचीच वाचा नेली, उजवा हातही नेला. गल्लीत पिऊन पडणारे मात्र ठणठणीत! आमच्या धम्मात देव नाही, मग भांडायचं तरी कुणाशी?

वर्ध्याच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना बोलायला लावा, नाहीतर जीभ अशीच राहील. पण यांनी छपरीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. दोन घास भरवताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. लाडीगोडी लावली, रागावले, ‘बोलत नसाल तर उद्यापासून वरणात मीठ घालणार नाही’ अशी धमकीही दिली. हूं की चूं नाही. माझं माणूस माझ्या डोळ्यांसमोर विझत चाललं होतं.

वर्षावास सुरू झाला, तरी मी विहारात गेले नाही. मग एका संध्याकाळी शेजारच्या पुष्पाबाई आठ-दहा बायांना घेऊन दारात उभ्या. अंगावर पांढरी लुगडी, काखेत चटया.

“काकू, तुमी येत नाई तं आमीच आलो. आता वाचन तुमच्या छपरीत होईन.”

“त्यायले तरास होईन ना वं.”

“काकाले उठाचं काम नाई. पडल्या पडल्या आयकतीन.”

वाचायला बसली पुष्पाबाईंची नवी सून, अश्विनी. पोरगी घाबरलेली, त्यात पावसाळी हवेनं पानं चिकटलेली. जगात दुःख आहे, इथवर वाचून तिनं पान उलटलं आणि थेट सम्यक आचरणावर आली. दोन पानं एकदम उलटली होती. कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझं तर ध्यानच नव्हतं. तेवढ्यात खाट करकरली. यांनी मान वळवली, डाव्या हातानं खाटेच्या कडेवर थाप मारली आणि सारा जीव एकवटला.

“मा... मांगं!”

“काय म्हणून राह्यले काका?” अश्विनी दचकली.

“मांगं... जा.”

मी तिथंच रडायला लागले. पुष्पाबाई डोळे पुसता पुसता हसल्या, “पाय वं, कसे दपटून राह्यले पोरीले!”

अश्विनीनं सुटलेलं पान वाचलं. त्यावर दुःखाचं मूळ होतं, आपली तृष्णा. कितीदा ऐकलेलं, पण त्या दिवशी ते मला लागलं. आम्ही नीट वागतो, तेव्हा दुःखानं आमच्या दारी येऊ नये, असा सौदा मी मनात धरून बसले होते. ग्रंथानं तसा शब्द कधीच दिला नव्हता. दुःख आलं तरी कसं वागायचं, एवढंच त्यानं सांगितलं होतं. संघाला शरण जाते, असं लहानपणापासून म्हणत आले. संघ चटया घेऊन घरी येतो, हे तेव्हा कळलं. नंतर डॉक्टर म्हणाले, जीभ आज ना उद्या वळायचीच होती. असेल. मी मात्र त्या बायांचे उपकार विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी यांनी खुणेनं पांढरा सदरा मागितला. मी तो घालून दिला, पाठीशी उशी लावली. बाया जमल्या तेव्हा यांनी ग्रंथाकडे बोट केलं, मग माझ्याकडे.

“तू... वाच.”

मी कधी चारचौघांत वाचलं नव्हतं. हात जोडून ग्रंथ मांडीवर घेतला आणि सुरुवात केली. चुकले तर सांगायला घरात माणूस होतं.