भोंगा आणि शंभराची कपात

भोंगा आमदार झाला यात भोंग्याचा फारसा दोष नव्हता. त्याचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. गावात सभा कोणाचीही असो, खांबावर कर्णा चढायचा तो त्याच्याच दुकानातला. अर्धं आयुष्य तो व्यासपीठामागे तारांच्या गुंत्यात बसून सगळ्या पक्षांची भाषणं ऐकत आला होता. इतकी भाषणं ऐकल्यावर माणूस एकतर संन्यास घेतो, नाहीतर निवडणुकीला उभा राहतो. भोंग्याला बायको होती, मुलगी होती, तेव्हा संन्यासाचा प्रश्नच नव्हता.

नाव धंद्यावरून पडलं असं लोक समजतात, पण ते शाळेतच पडलं होतं. मास्तरांची नक्कल तो शेजारच्या पोराच्या कानात करायचा आणि छडी खायचा, कारण ती मास्तरांनाही ऐकू जायची. हळू बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. गुपित सांगायचं असेल तर बायको त्याला आधी खिडक्या लावायला लावायची.

निवडणुकीत एकाच मोठ्या पक्षाचे दोन उमेदवार एकमेकांवर रुसून उभे राहिले, दोघांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि मधल्या फटीतून भोंगा आत गेला. आश्वासन त्याने एकच दिलं होतं. गावच्या पोरांची कॉलेजची फी अर्धी करून दाखवीन. शाळेच्या खोल्यांचंही तो बोलायचा, पण तो बोनस.

आश्वासनामागे समाजसेवा कमी आणि घरचं दुखणं जास्त होतं. मुलगी बारावी झाली होती. सात-आठ वर्षांची असल्यापासून ती अॅम्प्लिफायरपाशी बसायची, जळलेली कॉइल वासावरून ओळखायची. शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिला इलेक्ट्रिकलला जागा मिळाली होती. महिनाअखेर फी भरायची, नाहीतर जागा पुढच्याला. ती फी भरायची तर दुकानातला मोठा सेट विकावा लागणार होता, आणि तो सेट विकला की दुकानात उरणार होते ते दोन कर्णे आणि भोंगा स्वतः.

सभागृहात त्याला मागच्या बाकावर, खांबाआड जागा मिळाली. निवडणुकीमुळे त्या वर्षी अंदाजपत्रकाचं अधिवेशन लांबलं होतं. शेजारी एक म्हातारे आमदार बसायचे. इतक्या वेळा निवडून आलेले, की आता त्यांना घरी झोप येत नसे, सभागृहातच येई. त्यांनी भोंग्याला पहिला धडा दिला.

"शिक्षण खात्यावर बोलायचंय ना? मग कपात सूचना द्या. शाळा-कॉलेजांच्या निधीतून शंभर रुपयांची कपात करावी, असं लिहायचं. म्हणजे बोलायला मिळतं."

"पण मला निधी वाढवून हवाय."

"म्हणूनच तर कमी करा म्हणायचं."

भोंग्याने डोकं खाजवलं. त्याच्या धंद्यात आवाज कमी करा म्हटलं की आवाज कमी करतात. पण इथे शहाणी माणसं बसली आहेत, त्यांचं काहीतरी गणित असेल, असा त्याने विचार केला. नव्या माणसाची पहिली चूक ती हीच. पुढचा अर्धा धडा म्हातारबुवांनी सांगितलाच नाही, कारण त्यांचा डोळा लागला. तो धडा असा, की भाषण झालं, मंत्र्याचं उत्तर झालं, की सूचना मुकाट्याने मागे घ्यायची. वर्षानुवर्षांची रीत. कपात कोणालाच नको असते, बोलायला तेवढं सगळ्यांना हवं असतं.

भोंग्याची पाळी आली ती जेवणानंतर. सत्ताधारी बाकांवरची बरीच मंडळी उपाहारगृहात हात धूत होती. भोंगा उभा राहिला आणि गावच्या शाळेवर सुरू झाला. तिथे एकाच खोलीत मध्ये फळ्या ठोकून दोन वर्ग भरतात, त्यामुळे तिसरीच्या पोरांना चौथीचं गणित येतं, चौथीच्या पोरांना तिसरीचा भूगोल येतो, आणि स्वतःचा धडा मात्र कोणालाच येत नाही. मग तो कॉलेजच्या फीवर घसरला. अध्यक्षांनी वेळ संपल्याची खूण केली, मग माइक बंद केला. काही फरक पडला नाही. टिपणं घेणाऱ्या बाईंनी नंतर सांगितलं, की नोकरीत पहिल्यांदाच एक शब्द सुटला नाही.

शिक्षणमंत्री उत्तराला उठले. मंत्र्यांची स्वतःची तीन कॉलेजं होती, त्यामुळे फी या विषयात त्यांचा अभ्यास दांडगा होता. "सन्माननीय सदस्यांच्या भावनांची शासनाने नोंद घेतली आहे," एवढं बोलून ते बसले.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "सन्माननीय सदस्य आपली सूचना मागे घेत आहेत का?"

भोंग्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गावात शब्द मागे घेतो तो पोलिसांपुढे, तेही दोन ठेवून दिल्यावर. "मी कशाला मागे घेऊ? मी काय खोटं बोललो?"

अध्यक्ष थबकले. त्यांनी म्हाताऱ्या आमदारांकडे मदतीच्या आशेने पाहिलं. ते घोरत होते. मग नाइलाजाने मतदान आलं. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

विरोधी बाकांना आता कुठे अंदाज आला. तेही होय म्हणाले, पण त्यांची गरज नव्हती. आवाजी मतदान म्हणजे कानाने मोजायचं मतदान, आणि भोंग्याने एकट्याने म्हटलेला होय घुमटाला जाऊन परत आला. प्रतिकूल बाजूला मंत्री आणि दोन पेंगुळलेले सदस्य होते. त्यातल्या एकाच्या तोंडात बडीशेप होती.

"होयचा जोर दिसतो," अध्यक्ष कसेबसे म्हणाले. तेवढ्यात सत्ताधारी पक्षाचा प्रतोद, म्हणजे सदस्यांना हाकून आणणारा माणूस, ओल्या हातांनी धावत आला आणि मोजणी मागू लागला. अध्यक्षांनी निर्णय राखून ठेवला, मोजणी उद्यावर टाकली आणि घाईघाईने सभागृह तहकूब केलं.

म्हातारबुवा जागे झाले. "काय केलंत?"

"शाळांसाठी बोललो."

"शाळांचे पैसे कापलेत तुम्ही. अंदाजपत्रकात शंभर रुपयांनी जरी हरलं तरी सरकारने राजीनामा द्यायचा असतो. उद्या मोजणीत हे हरले तर गेले. दोनच डोकी जास्त आहेत त्यांची, आणि त्यातल्या एकाचा पाय प्लास्टरमध्ये आहे."

संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर एकच बातमी होती, शाळांच्या निधीवर आमदाराची कुऱ्हाड. आमदार निवासातल्या खोलीत भोंगा पलंगावर बसून स्वतःचाच फोटो बघत होता. बायकोचा फोन आला.

"अहो, तुम्ही शाळेचे पैसे कापले म्हणे?"

"अगं, ते वाढवण्यासाठी कापले."

"तुम्हाला तिथे काय खायला घालतात?" बायकोने विचारलं. "शाळेतल्या बाई दुकानात येऊन गेल्या. काही बोलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या आणि गेल्या."

आयुष्यभर लोक भोंग्याला हसत आले होते आणि त्याने ते आवडीने हसू दिलं होतं. पण बाई काही न बोलता गेल्या हे त्याला लागलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणून तो उघडउघड रडवेला झाला.

एवढ्यात दार वाजलं. स्वतः शिक्षणमंत्री. खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर भोंग्याची बनियन वाळत होती, म्हणून मंत्री पलंगावर बसले. सकाळपर्यंत ज्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं, त्याचा हात त्यांनी हातात घेतला.

"भाऊ, उद्या तेवढी सूचना मागे घ्या. मुलीच्या अॅडमिशनचं चाललंय ना तुमच्या? आपलं कॉलेज आहे. एक पैसा भरायचा नाही."

भोंगा काही साधुसंत नव्हता. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. फोन अजून चालूच होता, त्याने पलीकडे मुलीला विचारलं आणि तिचे प्रश्न तो मंत्र्यांना ऐकवत गेला.

"बाबा, तिथे इलेक्ट्रिकल आहे का?"

"पुढच्या वर्षी सुरू करतोय," मंत्री म्हणाले.

"लॅब?"

"पुढच्या वर्षी."

"इमारत तरी आहे का, विचार."

मंत्र्यांनी छताकडे पाहिलं. फोनवर मुलगी हसली. "मग त्यांना सांग, त्यापेक्षा सगळ्यांची फी अर्धी करा."

भोंग्याने तसंच सांगितलं. फळ्या काढून शाळेच्या खोल्या बांधा, हेही जोडून दिलं. मंत्री चिडले, उठले, बसले, दोनदा बाहेर जाऊन फोन करून आले. शेवटी कबूल झाले, पण एका अटीवर. फी अर्धी, मात्र पुढच्या वर्षीपासून. यंदा तिजोरीत खडखडाट आहे.

"यंदापासूनच," भोंगा म्हणाला.

"मग होऊ द्या मोजणी. आम्ही पडलो तर परत निवडणूक. मग यंदाही नाही आणि पुढच्या वर्षीही नाही."

हे मात्र खरं होतं. भोंग्याने फोन बंद केला आणि घरी न विचारता हो म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो सभागृहात उठून "मागे घेतो" म्हणाला. अध्यक्षांना ते परत म्हणायला लावावं लागलं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं बोलणं कोणाला ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर त्याने मुलीला सांगितलं. ती हाताला कोपरापर्यंत तार गुंडाळत होती. तार संपल्यावर तिने टोक आत खोचलं.

"म्हणजे माझ्यानंतरच्या सगळ्यांची अर्धी."

"हो."

"आणि माझी पूर्ण."

"मोठा सेट विकतो," भोंगा म्हणाला. "गिऱ्हाईक बघितलंय."

"आणि तुम्ही दोघं खाणार काय? आमदारकी पाच वर्षांची असते, बाबा. नको मला जागा." असं म्हणून ती माळ्यावर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. बायको भोंग्यावर चिडली नाही. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

महिनाअखेरीच्या आधी मंत्री गावात आभारसभेला आले. आभार लोकांनी त्यांचे मानायचे होते, आणि त्यासाठी मैदान, खुर्च्या, हार, सगळं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. मुलगी नको म्हणत असली तरी मोठा सेट दोन दिवसांनी जाणार होता, ही त्याची शेवटची सभा. भोंगा व्यासपीठावर कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मुलगी मागे अॅम्प्लिफायरपाशी.

मंत्र्यांनी हात उंच केला. "तुमच्या मुलांची फी आम्ही अर्धी केली."

टाळ्या पडल्या. मग मंत्र्यांनी तेच केलं, जे भोंग्याने कैक वर्षं तारांमागून पाहिलं होतं. वचन माइकसमोर द्यायचं आणि अट माइकच्या बाजूला, पाणी पिताना उरकायची. मंत्र्यांनी पेल्याकडे मान वळवली आणि पुटपुटले, "पुढील शैक्षणिक वर्षापासून."

पण लाउडस्पीकरवाल्याचाही एक धर्म असतो. वक्ता माइकपासून लांब गेला की आवाज वाढवायचा. मुलीने बटण फिरवलं. तिने ते रागाने केलं की सवयीने, हे तिने बापालाही सांगितलेलं नाही. पुटपुटणं चारही खांबांवरून मैदानभर पडलं.

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतली एक बाई उठली. तिचा मुलगा भोंग्याच्या मुलीच्याच वर्गातला. "आणि यंदाची पोरं काय सावत्र आहेत का?"

मागून अजून लोक उठले. मंत्री मागे वाकले आणि सचिवाच्या कानाशी लागले. मुलीचा हात बटणावरून अजून हलला नव्हता.

"यंदापासून म्हणून टाकतो. नंतर घेऊ मागे."

हेही चारही खांबांवरून मैदानभर पडलं.

मग पहिल्यांदा ती बाई हसली आणि मग मैदान हसलं. हसणारी माणसं दगड मारणाऱ्यांपेक्षा अवघड असतात, हे राजकारण्याला कळतं. मंत्र्यांनी कपाळ पुसलं, माइक धरला आणि पडेल आवाजात म्हणाले, "यंदापासून."

भोंगा खुर्चीवरून उठला. माइकपाशी गेला नाही, त्याला गरज नव्हती. "साहेब, मागे घ्यायची सोय सभागृहात असते. हे मैदान आहे."

शासनाचा आदेश फी भरायच्या मुदतीआधी एक दिवस निघाला. शाळेच्या खोल्यांचं काम मात्र प्रक्रियेत आहे, म्हणजे फळ्या तिथेच आहेत. भोंगा दर अधिवेशनात त्यावर कपात सूचना देतो, आणि आता ती मागे घ्यायच्या वेळी प्रतोद स्वतः त्याच्या शेजारी येऊन बसतो. फी अर्धी झाल्याने मोठा सेट विकावा लागला नाही. तो तसाच दुकानात पडून आहे, कारण आता कुठलाच पक्ष सभेला भोंग्याचे कर्णे लावत नाही, दुसऱ्या गावाहून मागवतात. याबद्दल बायको त्याला रोज ऐकवते.

मुलगी शहराला निघाली तेव्हा तो बसस्टँडवर गेला. बस सुरू झाली. तो खिडकीपाशी गेला, टाचा उंचावून तिच्या कानाशी लागला आणि जमेल तितक्या हळू म्हणाला, "तू नसलीस तर मला दुकानात करमायचं नाही."

सगळी बस वळून बघायला लागली. ड्रायव्हरही गिअर टाकायचा थांबला. भोंगा कानापर्यंत लाल झाला आणि काहीतरी सारवासारव करायला लागला.

"बाबा," मुलगी डोळे पुसत म्हणाली, "मागे घेऊ नकोस."