एकही खूण नसलेली पानं

छापखान्यात त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे लालपेन. एकतीस वर्षं या गृहस्थांनी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, आणि चुका काढता काढता आपल्याखेरीज जगात कुणाला काही येत नाही अशी त्यांची खात्री होऊन बसली. लेखक आळशी, मालक अडाणी आणि जुळणी करणारे म्हणजे नुसती दहा बोटं, हे मत ते जेवणाच्या सुट्टीत कुणी न विचारता ऐकवत.

बारा वर्षं अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंनी एकदा एका वाक्याचा अर्थ लागत नाही म्हणून विचारलं, तर काकांनी सगळ्यांदेखत त्यांचा पाणउतारा केला. "बाई, जुळणी करणाऱ्याने अर्थाच्या भानगडीत पडू नये. सांगितलं तेवढं करावं!"

स्वतः काकाही अर्थाच्या भानगडीत पडत नसत. पान खालून वर, शब्द शेवटून सुरुवातीकडे, असं ते तपासत. अर्थ कळायला लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक निसटते. ही युक्ती अगदी खरी आहे, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

श्रेयाचाच तर प्रश्न होता. एकतीस वर्षांत एकाही पुस्तकावर त्यांचं नाव आलेलं नव्हतं. नवं पुस्तक घरी नेलं की बायको सुरुवातीची चार पानं उलटायची, काही न बोलता मिटायची आणि कपाटात ठेवायची. त्या न बोलण्याने काका आतून जळत. यंदा मात्र नर्सबाईंसाठीची औषधांच्या मात्रांची पुस्तिका नव्याने जुळवायची होती, जुन्या आवृत्तीबरहुकूम, पानाला पान आणि ओळीला ओळ. मालक म्हणाले, "हे नीट पार पाडा, दुसऱ्या पानावर तुमचं नाव घालू." काकांनी त्याच संध्याकाळी बायकोला सांगून टाकलं. पान दोन, ओळ सात.

पण मालकांनी कागदावर प्रुफं काढणं बंद केलं होतं. काकांच्या टेबलावर एक लॅपटॉप आला आणि सोबत एक मोठा पडदा. एकावर जुनी आवृत्ती ठेवायची, दुसऱ्यावर नवी. लॅपटॉपमध्ये ती कुणीही घ्यावी, कुणीही बदलावी अशी मोकळी सिस्टीम होती. काकांनी नाक मुरडलं. "फुकट मिळतं ते याच लायकीचं असणार."

बाई म्हणाल्या, "काका, दोन पडदे जोडून देऊ? दोन मिनिटांचं काम आहे."

"तुम्ही तुमची जुळणी बघा."

काकांनी स्वतःच वायर खोचली. मोठा पडदा उजळला, पण त्यावर नुसता एक निळा डोंगर. ना फाईल, ना काही. काकांनी वायर काढून पुन्हा खोचली, पडद्याला दोन चापट्या मारल्या, लॅपटॉप तीनदा बंद करून चालू केला. डोंगर हलेना. शेवटी सेटिंगमध्ये तीन चौकोनी चित्रं सापडली. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं वाचणाऱ्या या माणसाने चित्रांखालची अक्षरं वाचायची तसदी घेतली नाही. मधलं चित्र दाबलं आणि मोठा पडदा भरला! मग मान खाली घालून, एकेक कळ शोधत त्यांनी आधी जुनी फाईल उघडली, पाठोपाठ नवी. मान वर केली तर दोन्ही पडद्यांवर पान पहिलं, शेजारी शेजारी, हुबेहूब. एक कळ दाबली की दोन्ही पानं बरोबरीने पुढे सरकत.

"बघा," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काहीही अवघड नव्हतं."

आठ दिवस ते तपासत होते. उजवीकडचा शब्द, डावीकडचा शब्द, ठीक. चुकांची नोंद करायचा तक्ता कोराच राहिला. आपल्या बारा वर्षांच्या बोलण्याने बाईला अखेर वळण लागलं, असं त्यांनी मालकांना सांगितलंसुद्धा. दोनशे पानं, एकही खूण नाही. प्रत्येक पानापुढे 'ठीक' आणि सही.

नवव्या दिवशी बाई त्यांच्या टेबलाशी आल्या. "काका, सत्त्याऐंशी पान ठीक आहे?"

"लिहिलंय ना? वाचता येतं ना?"

"जरा उघडता?"

काकांनी उघडलं. मात्रांच्या तक्त्यात तिसऱ्या ओळीत, जिथे लहान मुलांची मात्रा असायची, तिथे आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'काकांना विचारणे'. उजवीकडे तेच. डावीकडेही तेच.

"जुन्या आवृत्तीतसुद्धा..." काका म्हणाले आणि आपणहून थांबले.

बाईंनी माऊस हलवला. दोन्ही पडद्यांवर बाण हलला. "दोन्हीकडे एकच पान आहे, काका. माझंच. जुन्या पानावर मुलांची मात्रा मोठ्यांपेक्षा जास्त दिली होती, मला पटली नाही, म्हणून तुम्हाला विचारायला लिहिलं होतं."

बाईंनी सेटिंगमधलं पहिलं चित्र दाबलं. डावीकडच्या मोठ्या पडद्यावर पुन्हा तो डोंगर आला.

"तो पडदा बिघडलेला आहे," काका पुटपुटले.

"बिघडलेला नाही, रिकामा आहे." बाईंनी जुनी फाईल ओढत नेऊन तिथे सोडली आणि त्या जागेवर जाऊन बसल्या. मालकांकडे गेल्या नाहीत.

पुढचे चार दिवस काकांनी सगळी पानं पुन्हा पहिल्यापासून तपासली. तक्त्यावर तक्ते भरत गेले, एकशे चौसष्ट चुका. एका ठिकाणी दशांशचिन्हच गळालं होतं. सत्त्याऐंशी पानाबद्दल पुस्तिका लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, माझ्या हस्तलिखितात बरोबर आहे. छापताना चुकलं." जुनी आवृत्ती कुणी तपासली होती हे त्यांनी विचारलं नाही. काकांनीच तपासली होती. अशी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

शेवटचा तक्ता ते स्वतः घेऊन बाईंच्या टेबलाशी गेले. त्यावर एकच नोंद होती. 'पान दोन, ओळ सात : काढून टाकणे.'

बाईंनी ती वाचली. पान दोन उघडलं. सातव्या ओळीत काकांचं नाव होतं. काका तिथेच उभे राहिले, उगाच घसा खाकरत. का म्हणून तिने विचारलं असतं, तर काय सांगायचं ते त्यांनी ठरवून आणलं होतं. नको काका, राहू दे, एवढं म्हणाली असती तरी ते फार ताणणार नव्हते.

बाईंनी कळ दाबली. आठवी ओळ वर सरकली.

"झालं काका," त्या म्हणाल्या. "सांगितलं तेवढं केलं."