चिंचदऱ्याच्या वरच्या रस्त्याने

सिदू आमच्या दूध संघाचा ड्रायव्हर. म्हणजे कागदोपत्री ड्रायव्हर. त्याचं खरं काम पाहुण्यांना गाडीतून गावं दाखवणं हे होतं आणि त्या कामात त्याचा हात धरणारा माणूस मी वडवणीपासून बीडपर्यंत पाहिला नाही. मी संघाच्या शीतकरण केंद्रावर सुपरवायझर. दुधाची फॅट बघायची आणि चेअरमन आबासाहेबांकडे पाहुणे आले की बाटलीबंद पाण्याची खोकी घेऊन गाडीत मागे बसायचं, एवढीच माझी नोकरी. सिदूबरोबर मी जितका हिंडलो तितका बायकोबरोबरही हिंडलो नाही, आणि हे ती अजून ऐकवते.

बरे दिवस होते तेव्हा पाहुण्यांना तोटा नव्हता. आज डेअरीच्या इमारतीचं उद्घाटन, उद्या सभासदांचा मेळावा. मोठे लोक यायचे, भाषणं करायचे, पोटभर जेवायचे आणि हात धुतल्यावर त्यांना खरं खेडं बघायची हुक्की यायची. मग आबासाहेब हाक मारायचे. सिदू खांद्यावरच्या फडक्याने काच पुसायचा आणि गाडी डोंगरात घालायचा.

कुठलं गाव कधी बघायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. एका गावची दगडी वेस सकाळचीच बघायची, दुपारी तिच्यावर डोळा ठरत नाही. एका गावच्या ओढ्यावर म्हशी पाण्याला येतात तेव्हाच पोचायचं. आणि सगळ्यात शेवटी चिंचदरा. चिंचदऱ्याला दोन रस्ते आहेत. खालचा तलावाच्या कडेने जाणारा, सरळ आणि जवळचा. वरचा घाटातला, लांबचा, खड्ड्यांनी भरलेला. सिदू कायम वरून न्यायचा. शेवटच्या वळणावर गाडी थांबवून इंजिन बंद करायचा, उतरून दार उघडायचा आणि म्हणायचा, "आता बगा."

खाली दरीत जुन्या चिंचांच्या सावलीत मातीच्या माळवदाची घरं, मधे देवळाचं बुटकं शिखर, पलीकडच्या उतारावर मेंढरं. बोलक्यातले बोलके पाहुणे तिथे गप्प व्हायचे. सिदू मात्र गावाकडे न बघता पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. जणू गाव त्याने स्वतः बांधलं होतं, इतका तोरा. मी त्याला त्यावरून चिडवायचो, पण त्याचं म्हणणं एकच: माणसाकडं दुसरं काय असतं दाखवायला?

त्या तोऱ्याला कारणही होतं. चिंचदरा हे त्याच्या थोरल्या बहिणीचं, सारजाबाईचं सासर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिच्या दारात लाल कंधारी बैलांची जोडी आणि एक गाय. बैलांच्या जिवावर ती शेती करायची, दुसऱ्यांचीही नांगरट घ्यायची, आणि गायीचं दूध आमच्या केंद्रावर यायचं. त्या दुधात तिने कधी पाण्याचा थेंब घातला नाही, हे मी सुपरवायझर म्हणून सांगतो.

मग दोन हजार बाराचा पावसाळा कोरडा गेला. माघ उजाडेपर्यंत कडबा संपला, उसाचे वाढे संपले, लोक जनावरांना झाडांचा पाला ओरबाडून घालू लागले. तेव्हा पुण्याची एक संस्था आमच्या संघामार्फत जनावरांची छावणी उघडायला तयार झाली. पाऊस पडेपर्यंत चारा, पेंड आणि पाणी, सगळं त्यांचं. पण छावणी एकच, आणि तीत ज्या गावात ती उघडेल त्याच गावची जनावरं. दोन गावं निवडली होती. एक चौसाळ्याच्या बाजूचं, हमरस्त्यावरचं. दुसरं चिंचदरा. पाहुणे दोन्ही गावं डोळ्यांनी बघणार आणि मग ठरवणार. सारजाबाईचे बैल दावणीला राहणार की कसायाकडे जाणार, ते त्या एका दिवसावर होतं.

सिदूने आदल्या दिवशी बहिणीला फोन केला. पाहुणे येणार आहेत, गाव नीट ठेवा, एवढंच तो बोलला. इतकी वर्षं तो हेच बोलत आला होता. त्याला दुसरं काही सुचलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

सकाळी हमरस्त्यावरचं गाव झालं. गाडी थांबायच्या आत बायका रिकाम्या घागरी घेऊन आडव्या आल्या. एका म्हाताऱ्याने कपाळ बडवून घेतलं. रस्त्याच्या कडेला मेलेली गाय पडली होती, ती मुद्दाम उचलली नव्हती. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांची दैना खोटी नव्हती, फक्त ती त्यांना मांडता येत होती. हमरस्त्यावर रोज कुणी ना कुणी मोठा माणूस थांबतो. लोक बघून बघून शिकतात.

दुपार कलल्यावर आम्ही घाट चढलो. डोंगर जळून राख झाल्यासारखा, सीताफळीच्या नुसत्या काड्या उरलेल्या, आणि मधेमधे पळस फुललेला. पळसाला पाणी लागत नाही की लाज वाटत नाही. सगळा डोंगर उपाशी असताना तो केशरी पेटला होता. पाहुण्यांतल्या मुख्य बाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. वळणावर सिदूने सवयीने गाडी थांबवली, सवयीने दार उघडलं. बाई उतरल्या आणि म्हणाल्या की इतकं सुंदर गाव त्यांनी आजवर पाहिलं नाही. सिदूच्या तोंडावर जुनं हसू आलं. तेवढंच शेवटचं.

गावात शिरलो आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला. रस्ता ओला होता. दारोदार सडा टाकलेला, त्यावर रांगोळ्या. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता आणि त्या पाण्याने चिंचदऱ्याने अंगणं सारवली होती, बैल धुतले होते. पोळ्याचा उरलेला हिंगूळ काढून शिंगं रंगवली होती. धुतलेल्या बैलाच्या बरगड्या सुद्धा झुलीखाली झाकल्या जातात. पाहुणे येणार म्हटल्यावर चिंचदऱ्याने जे नेहमी केलं तेच केलं, जरा जास्तच मनापासून केलं.

सारजाबाईने ओसरीवर घोंगडी अंथरली होती. गुळाचे खडे आणि चिंचेने लखलखीत घासलेले तांबे, काठोकाठ भरलेले. पाहुण्यांनी गूळ घेतला. पाणी मात्र मी उघडून दिलेल्या बाटल्यांतलं प्यायले. तांबे भरलेलेच ओळीने राहिले. मग बाईंनी विचारलं, "मावशी, पाणी पुरतं का हो?"

"पुरतंय की," सारजाबाई म्हणाली. "तुमी घ्या आदी."

हातात तांब्या धरून पाहुण्याला पाणी नाही म्हणायचं म्हणजे पिऊ नकोस म्हणायचं. आमच्याकडे वैऱ्यालाही कुणी तसं म्हणत नाही. बाईंना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी चार घरं विचारली आणि चारही घरांनी तेच सांगितलं. सिदूने बहिणीला गोठ्याच्या आडोशाला गाठलं. मी जवळच होतो.

"आक्का, खरं सांग की त्यास्नी. बैलं जातील."

"पावण्याच्या तोंडावर? येडा हाईस का तू? त्ये काय आंधळे हायती, त्यास्नी दिसत न्हाई व्हय?"

परतीच्या वाटेवर बाई गाडीत बोलू लागल्या. गाव किती टापटिपीचं, लोक किती समाधानी; मदत जिथे खरी गरज आहे तिथेच जायला हवी. आबासाहेब मान हलवत होते. त्यांना दोन्ही गावं सारखीच, मतं दोन्हीकडे होती. सिदूने आयुष्यात पाहुण्यांच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं. आताही घातलं नाही. कुणाला न विचारता त्याने गाडी खालच्या रस्त्याला वळवली.

तलाव पार आटला होता. तळाला भेगा पडलेल्या, त्यांत जनावरांची हाडं. मधोमध खणलेल्या झिऱ्यात एक बाई कमरेएवढी उतरून वाटीने घागर भरत होती. सिदूने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, उतरून दार उघडलं.

"आता बगा," तो म्हणाला.

पाहुणे उतरले. सूर्य डोंगराला टेकत होता आणि सगळा तळ तांबडा झाला होता. ते गप्प झाले, वरच्या वळणावर पाहुणे व्हायचे थेट तसेच. मग त्यांच्यातल्या तरुणाने कॅमेरा काढला. भेगांचे फोटो झाले, हाडांचे झाले, झिऱ्यातल्या बाईला जरा वर बघायला सांगून तिचेही झाले. भयानक आहे, पण किती सुंदर, असं बाई हळूच म्हणाल्या. तेव्हा सिदूचा बांध फुटला.

"बाई, त्यो सडा टँकरच्या पान्याचा हुता. तुमी येनार म्हनून टाकला. आता पुढचा टँकर येस्तोवर त्या गावाला प्यायला पानी न्हाई. मीच सांगितलं हुतं नीट ठेवा म्हनून."

बाईंनी आबासाहेबांकडे बघितलं. आबासाहेब हसले. "त्याच्या बहिणीचं सासर आहे ते," ते म्हणाले. "माया असतेच माणसाला." बाईही समजूतदार हसल्या, साहजिक आहे म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. तिथेच विषय संपला. आबासाहेबांचा मला तेव्हा जो संताप आला तो आजही गेलेला नाही. माणूस खोटं बोलला असता तरी चाललं असतं. त्यांनी खऱ्यालाच हसण्यावारी नेलं.

छावणी हमरस्त्यावरच्या गावात उघडली. चिंचदऱ्याची जनावरं एकेक करून बाजारात गेली. सारजाबाईचे बैल गेले तेव्हा सिदू दावं धरून तिच्याबरोबर वडवणीच्या बाजारात उभा होता. घेणारा शेतकरी नव्हता, हे दोघांनाही दिसत होतं. शिंगांवरचा हिंगूळ अजून निघाला नव्हता. गाय त्याआधीच बसली ती उठली नव्हती. चिंचदऱ्याचं दूध बंद झालं, मागोमाग आसपासच्या गावांचं आटलं, आणि केंद्रातला कूलर रिकामाच गुरगुरत राहिला. पाहुणे यायचे थांबले. संघाने गाडी विकली आणि सिदूला दुधाच्या टेम्पोवर टाकलं, तोही अर्धा रिकामा.

पुढच्या वर्षी संघाने कॅलेंडर काढलं, तेच शेवटचं. फोटो पाहुण्यांनी प्रेमाने पाठवलेला. ओलं अंगण, रांगोळी, रंगवलेल्या शिंगांची लाल जोडी आणि शेजारी तांब्या घेतलेली सारजाबाई. वर छापलं होतं, समृद्ध गाव, समृद्ध संघ. एक प्रत सिदूनेच तिला नेऊन दिली. न देऊन करतो काय, बैलांचा दुसरा फोटो नव्हता.

त्या साली पावसाने पुन्हा तोंड फिरवलं. पोळ्याच्या दिवशी सिदूने मला टेम्पोत घेतलं आणि आम्ही चिंचदऱ्याला गेलो, खालच्या रस्त्याने. वरून तो आता जात नाही. सारजाबाईने कॅलेंडर खिळ्यावरून काढून पाटावर ठेवलं होतं. फोटोतल्या दोन्ही बैलांच्या कपाळाला कुंकू लावलेलं, पुढे पुरणपोळीचा नैवेद्य. मातीचे बैल का नाही केलेस, असं सिदूने विचारलं. माती भिजवायला लागते, ती म्हणाली.

आम्ही ओसरीवर टेकलो. ती आत गेली आणि तोच तांब्या घेऊन आली, घासलेला, काठोकाठ भरलेला. सिदू त्याच्याकडे बघतच राहिला. कोपऱ्यातली घागर मी येतानाच बघितली होती, ती पालथी होती.

"आक्का," तो म्हणाला, "पानी पुरतंय का?"

"पुरतंय की," सारजाबाई म्हणाली. "तू घे आदी."