कागदावरचा पाय

इंग्लंडात, रीडिंग गावी आमच्या शेजारी एक चिनी आजोबा राहतात. त्यांची बायको गेली त्या वर्षी त्यांनी ठरवलं, तिच्या आवडीची एक ओळ पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहायची, कम्युनिटी हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. पुढे खांद्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर असल्या अक्षरांना लागतो तो मॉपएवढा ब्रश उचलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे हे शेवटचंच.

आई तेव्हा पुण्याहून आली होती. त्या आजी होत्या तोवर दर खेपेला तिला कुंपणावरून लसणीची पात द्यायच्या. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षर कळायचं नाही, तरी गप्पा म्हणून संपायच्या नाहीत! त्यामुळे आई हट्टाने पहिल्या रांगेत बसली.

हॉलभर कागद अंथरलेला. आजोबांनी शाईच्या बादलीत ब्रश बुडवला आणि नुसत्या मोज्यांनी सरळ कागदावर उभे राहिले. अख्खं अंग झोकून एकेक अक्षर! यात गिरवणं नसतं, ब्रश टेकला की थांबायचं नाही, हे आईला मी सांगितलं होतं. पण जन्माची सवय सांगून जाते थोडीच? वर्तमानपत्राला पाय लागला तरी नमस्कार करणारी बाई ती. शेवटच्या अक्षराला आजोबांचा पाय मागे सरकला, लिहिलेल्या अक्षराच्या अगदी जवळ, आणि आई ओरडली, "अहो, पाय! अक्षरावर पाय!"

पाय पडलाच नव्हता. ते मात्र दचकून थांबले, क्षणभरच. शाई थोडीच थांबते? बघता बघता बशीएवढा डाग झाला.

असा राग आला मला! पण आईचं तोंड बघून तो गिळला. आजोबांनी ओळ पुरी केली. वाळल्यावर कागद भिंतीवर टांगला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते एकटेच त्या डागाकडे बघत उभे होते. दुसऱ्या दिवशी आई डबाभर शंकरपाळे घेऊन त्यांच्या दारात गेली. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, वाकले.

"मेली माझी जीभ," घरी येऊन आई एवढंच म्हणाली.

ऑपरेशन झालं. आता ते चहाचा कपही डाव्या हाताने धरतात. कागद हॉलमध्येच आहे. लेकीला रविवारी तिथल्या मराठी शाळेला सोडताना तो दिसतो, डागासकट.

आई फोनवर दर वेळी विचारते, "अगं, त्यांनी ते परत लिहिलं का?"

ते शेवटचंच होतं, हे मी तिला कधी सांगितलंच नाही. आता काय सांगू? "हो आई, लिहिलं. छान झालंय."

परवा म्हणाली, "मग फोटो पाठव की. एकदा बघते, म्हणजे सुटले."